बोळाच्या टोकाची बाई

"बाप रे, हिला तर दात आहेत!" संगणकावर काम करणारा साएकी खुर्चीतून अर्धा उठलाच.

पडद्यावर सत्तावीस वर्षांपूर्वीच्या भुताच्या गेममधल्या घरातला बोळ होता. तीच गेम आता नव्याने बाजारात येणार होती, म्हणून जुनी अंधुक चित्रं एका प्रोग्रॅमकडून स्पष्ट करून घेणं चाललं होतं. बोळाच्या टोकाला आजवर नुसता करडा डाग दिसायचा. प्रोग्रॅमने त्या डागाला डोळे दिले होते, ओठ दिले होते, आणि दातही.

"कुरामोतोसान, इतकी वर्षं लपवून ठेवलीत होय ही बया?" दिग्दर्शक हिबिनो हसला. "हिला आता चालवायची. खेळणारा वळला की ही पुढ्यात!"

मूळ चित्रं त्सुयाको कुरामोतोनेच केली होती, कोबेतल्या आपल्या घराचे फोटो काढून. तेव्हा आई स्वयंपाकघरातून बोळात डोकावली होती. "अगं, माझा नको काढूस, केससुद्धा विंचरले नाहीत." त्सुयाकोने बटण दाबलंच. तीन महिन्यांनी भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली. त्या आगीत घर गेलं, आई गेली, सगळे अल्बम गेले. कंपनीने जागा बदलताना त्या फोटोंची फिल्मही टाकून दिली. उरली ती गेममधल्या त्या करड्या डागातली, अकरा ठिपक्यांची आई. दर महिन्याच्या सतराला, आई गेली त्या तारखेला, त्सुयाको गेम लावून त्या बोळापर्यंत जायची आणि हात जोडायची. दोन वर्षांपूर्वी गेम चालवायचं तिचं जुनं यंत्र बंद पडलं. बोळ पुन्हा दिसेल, एवढ्याच आशेने तिने हे काम घेतलं होतं.

"ती माझी आई आहे," ती हळूच म्हणाली. "भूकंपात गेली."

साएकीने मान खाली घातली. हिबिनो उभा राहिला, कमरेत वाकला.

"माफ करा. आम्हाला काय माहीत! पण मग... खऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला ठेवता येत नाही. नियमच आहे. काढावा लागेल."

"हा तिचा चेहरा नाहीच हो. तिचे पुढचे दोन दात पडले होते. तो जुना डागच राहू द्या ना."

"डाग ठेवला तर लोक म्हणतील, काम अर्धवट सोडलं. आणि तो कुणाचा आहे ते आता आपल्याला कळलंय, कुरामोतोसान."

त्सुयाकोने आपली खुर्ची पडद्याकडे ओढली.

"मग मी पुसते. साएकी, तू नको."

तिने भिंतीचा मातकट रंग उचलला. हनुवटीपासून सुरुवात केली, डोळे शेवटी घेतले. चार मिनिटं लागली. जोड दिसू नये म्हणून लाकडाच्या रेषाही जुळवल्या.

दुपारी गेमची चाचणी करणारी बाई पडद्यावरच्या त्या बोळातून चालून गेली.

"टोकाला काही दिसतंय?" हिबिनोने विचारलं.

"काही नाही. भिंत आहे." ती वळून पुढच्या दारात शिरली.

तपासणीच्या कागदावर सहीऐवजी काम करणाऱ्याच्या आडनावाचा शिक्का लागतो. त्सुयाकोने पर्समधून आपला शिक्का काढला, लाल शाईत टेकवला, आणि आडनाव नीट उमटावं म्हणून जरा वेळ दाबून धरला.