तिसरी शिट्टी

बहरीनच्या मराठी मंडळात ब्रिटिश रॉक कळणारा माणूस एकच होता, तो म्हणजे दत्तप्रसाद. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि इतर कुणाला त्यातलं काहीच कळत नसल्यामुळे ते खोडून काढायलाही कुणी नव्हतं.

त्यांचं दैवत म्हणजे ‘द आयर्न टीपॉट्स’ हा जुना विलायती बँड आणि पोथी म्हणजे त्यांचा ‘ब्लॅक चिमनीज’ हा अल्बम. साहेबाच्या देशात तो म्हणे घरोघरी वाजला. दत्तप्रसादांकडे तो कॅसेटवर होता. चिंचवडला मावशीच्या घरी मावसभाऊ जयेशने रेकॉर्ड लावली, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि भरून दिली. त्यातल्या शेवटच्या गाण्यात तीन शिट्ट्या होत्या. दत्तप्रसादांची सगळी कीर्ती त्या तीन शिट्ट्यांवर उभी होती.

“पहिली शिट्टी म्हणजे गिरणीचा भोंगा,” ते सांगत. “दुसरी, कामगाराचा आक्रोश. आणि तिसरी मध्येच तुटते. का तुटते? क्रांती अपुरी राहिली म्हणून!”

मंडळी माना डोलवत. बँकेत दिवसभर व्हाउचर तपासणाऱ्या माणसाच्या तोंडी क्रांती आली की ऐकायला बरं वाटतं.

त्यांच्या बायकोने, मेधाने, ही कॅसेट लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकली आणि पहिल्याच शिट्टीला ओळखली. मावशींचा तो कुकर त्याच आठवड्यात तिने स्वतः घासला होता. त्या घरात गाणी बाहेरच्या खोलीत लागत आणि वरणभात पडद्यामागे. तिसरी शिट्टी तुटते, कारण तेवढ्यात मावशी कुकर खाली उतरवतात. पण नवीन लग्न. माणूस डोळे मिटून क्रांती ऐकतोय. त्याला कुकर कसा सांगायचा? उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता त्यांची आर्या कॉलेजात गेली.

त्या शुक्रवारी सनद भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर मंडळाची बैठक होती. विषय अर्थातच ‘ब्लॅक चिमनीज’. दोघं-तिघं व्याख्यानाला आले होते, बाकीचे मेधाच्या मसालेभाताला. दत्तप्रसाद कॅसेट पुसत होते एवढ्यात हुसेन आला. हा मूळ रत्नागिरीचा, मुहर्रकला विमानतळावर कार्गोत नोकरीला, आणि दत्तप्रसादांची टोपी उडवण्याची एकही संधी न सोडणारा त्यांचा जिवलग दोस्त. त्याच्या काखेत एक पेटी होती.

“दत्ताभाऊ, फेका ती कॅसेट! हमद टाउनला एक म्हातारा साहेब सामान विकून मायदेशी निघालाय. त्याच्याकडनं आणली. तुमचीच रेकॉर्ड, ओरिजिनल! वाजवायच्या मशीनसकट!”

दत्तप्रसादांचे डोळे भरून आले. मेधाच्या हातातून झारा पडला.

ओरिजिनलमध्ये शिट्ट्या नसणार. सगळ्या मंडळासमोर नसणार! आणि हुसेन ते मेल्यावरही विसरणार नाही.

“अहो, जरा आत या.”

“आत्ता नको गं!”

“कॅसेटच लावा की. तिची सवय आहे सगळ्यांना.”

“मेधा,” दत्तप्रसाद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उगमाशी आल्यावर कुणी नळाचं पाणी पितं का?”

टाळ्या पडल्या. मेधा आत वळली. शेगडीवर मोठा कुकर, त्यात पंधरा जणांचा मसालेभात. तिने गॅस तूर्त बंद केला आणि आर्याला हाक मारली.

“त्या मशीनचा स्पीकर उचल आणि इथे स्वयंपाकघराच्या दाराशी ठेव.”

“बट व्हाय, आई?”

“ठेव म्हटलं ना!”

बाहेर व्याख्यान रंगलं, रेकॉर्ड फिरू लागली. शेवटच्या आधीचं गाणं लागताच मेधाने गॅस पेटवून मोठा केला, आणि शेवटचं लागलं तशी ती पदर खोचून, हातात पळी घेऊन कुकरपुढे उभी राहिली. गाणं तिला दत्तप्रसादांपेक्षा जास्त पाठ होतं. गिटार खाली उतरली, ढोल थांबला आणि तिने पळीच्या टोकाने कुकरची शिट्टी उचलली.

सूंऽऽऽ!

“गिरणी!” बाहेरून दत्तप्रसाद ओरडले.

दुसरीही बरोबर जागेवर पडली. कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी म्हणालं, “काय क्लॅरिटी आहे हो! वाफ अंगावर आल्यासारखी वाटते.”

“आणि वास?” दुसरा म्हणाला. “वासही येतोय मसालेभाताचा.”

“तो तुमच्या पोटातून येतोय,” दत्तप्रसाद म्हणाले. “गप्प ऐका.”

मेधाने तिसरी उचलली, आणि दारात हुसेन दिसला. पाणी प्यायला आला होता. त्याने कुकरकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. शिट्टी वाजतच होती. क्रांती पुरी होण्याच्या बेतात आली.

“वहिनी,” हुसेन कुजबुजला, “तोडा! तोडा!”

तिने पळी काढली. शिट्टी मध्येच तुटली. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वन्स मोअर!” कुणीतरी ओरडलं.

कुकरमध्ये आता फुंकर मारण्याएवढीही वाफ नव्हती. मेधाने हुसेनकडे पाहिलं. हुसेनने तिच्याकडे पाहिलं आणि एका ढांगेत बाहेर जाऊन रेकॉर्डवरची सुई उचलली.

“खलास! मशीन तापलंय. यल्ला, चला, जेवायला बसा.”

ताटं वाढली. पहिला घास घेतल्यावर मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. शीत दाताखाली कटकन वाजत होतं. मेधाताईंचा मसालेभात कच्चा! बहरीनमध्ये हे आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. गाडीत बसेपर्यंत बायका त्याबद्दलच बोलत होत्या. “वय होतं माणसाचं,” असंही एकीने जिन्यात म्हटलं, मेधाला ऐकू जाईल इतपत हळू.

हुसेन मात्र दोनदा मागून जेवला. जाताना म्हणाला, “वहिनी, पुढल्या वेळी बायकोचा, आमच्या कनीजचा कुकर आणतो. बिर्याणीचा. त्यात चार गाणी होतील.”

सगळे गेल्यावर दत्तप्रसाद रेकॉर्ड मांडीवर घेऊन बसले. तृप्त, जरासे नाराज.

“अगं, एवढी माणसं आलेली, आणि भात कच्चा? लक्ष कुठे होतं तुझं?”

“गाण्यात,” मेधा म्हणाली आणि कुकर घासायला घेतला.