कागदावरचा मालक

रोज ढकलावी लागणारी जुनी गाडी मास्तरांनी धाकट्या साडूच्या गळ्यात मारली आणि हुश्श केलं. साडूने दोन महिने तिच्याखाली लोळून क्लच बदलला, इंजिन खोलून बसवलं. आता ती एका चावीत सुरू व्हायची आणि मास्तरांच्या पोटात दुखायचं. नाव बदलायच्या अर्जावर सही द्यायलाही ते टाळाटाळ करत होते. शेवटी बायकोनेच त्यांना साडूबरोबर नोंदणी कार्यालयात पिटाळलं.

“कागदावर मालक तुम्ही, तर तुम्हीच चालवून दाखवा,” तपासनीस मास्तरांना म्हणाला.

गाडी अलगद निघाली. “आता बरी चालतेस, सटवे!” मास्तर पुटपुटले.

“छान ठेवलीय हो गाडी!” फेरी मारून गाडी परत येऊन थांबल्यावर तपासनीस म्हणाला.

साडू काळवंडलेली बोटं पुसत शेजारीच उभा होता. मास्तरांनी मान ताठ केली.

“जीव लावावा लागतो,” ते म्हणाले.