दिलगिरीची पाटी

मी दिलगिरीची पाटी बोलतेय. तुम्ही मला पाहिलंय, पण आनंदानं कधी नाही. टीव्हीवर ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच तुटायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. ती मी. चूक कुणाचीही असो, तोंड मात्र माझं दिसायचं.

आमचं केंद्र लहान. एक स्टुडिओ, दोन कॅमेरे, मागे मनोरा. दिवसभर मुख्य केंद्राचे कार्यक्रम पुढे पाठवायचे. संध्याकाळचा अर्धा तास तेवढा आमचा स्वतःचा. पेंटरकाकांनी जाड पुठ्ठ्याला राखाडी रंगाचे दोन हात दिले आणि पांढऱ्या अक्षरांत मला लिहिलं. शेवटी जागा पुरेना, म्हणून माझं शेवटचं अक्षर आजही अंग चोरून उभं आहे. मेकअपवाल्या मावशींनी टोमणा मारलाच, की माफी मागतानाही एवढी दाटीवाटी कशाला? काका नुसते हसले. ते मुळात कमी बोलत. नावांच्या पाट्या बदलायला रोज स्टुडिओत असत, पण असून नसल्यासारखे.

एकदा केंद्रप्रमुख अण्णा चार दिवस गप्प गप्प होते. पाचव्या दिवशी कार्यक्रमात बोटींच्या शर्यतीची फिल्म चालू असताना ती यंत्रात अडकली आणि तुटली. दुसरा कॅमेरा माझ्याकडे वळला. मी पडद्यावर आले की स्टुडिओचा माइक बंद करायचा, हा नियम. पण आवाज सांभाळणारे दादा फिल्म जोडायला धावले आणि माइक तसाच चालू राहिला.

अकरा मिनिटं सगळ्या गावानं मला पाहिलं आणि स्टुडिओ ऐकला. वर कोट आणि खाली घरचा पायजमा घातल्याबद्दल मावशी निवेदकाला झापत होत्या. फिल्मवाला यंत्राला "चल रे बाळा" म्हणून चुचकारत होता. कोपऱ्यातला फोन सारखा वाजत होता. शिव्या खायला तो कोण उचलणार?

तेवढ्यात अण्णा काकांजवळ येऊन उभे राहिले.

"काका, तुम्हालाच आधी सांगतो. एक तारखेपासून आपला अर्धा तास बंद. वरून पत्र आलंय. इथला कार्यक्रम कुणी बघत नाही म्हणे."

काकांच्या हातातला कुंचला थांबला. ते म्हणाले, "मग मघापासून फोन कोण करतंय?"

मावशींनी फोन उचलला. पलीकडे एक आजीबाई होत्या. त्यांचं म्हणणं, फिल्म सावकाश जोडा, घाई नाही; निवेदकाला पायजमा शोभत असेल तर राहू द्या; पण अर्धा तास बंद करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मावशींनी फोन ठेवला आणि माइकचा तांबडा दिवा अजून पेटलेलाच पाहिला. दादांनी जीभ चावली. निवेदक टेबलाखाली पाय लपवायला लागला, जणू आता त्याचा काही उपयोग होता. आणि अण्णा, चार दिवसांत पहिल्यांदाच, पोट धरून हसले.

मग पत्रांचा पाऊस पडला. अण्णांनी ती पोत्यात भरून मुख्य केंद्राला पाठवली. महिनाअखेरीला तिकडून लिफाफा आला. आत दोन कागद: एकात माइक चालू ठेवल्याबद्दल अण्णांना ठपका, दुसऱ्यात अर्धा तास कायम. अण्णांनी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले, ठपका जरा जास्तच रंगवून.

आता सगळं संगणकावर चालतं. माझे पोपडे निघालेत, एक कोपरा दुमडलाय. मी व्हरांड्यातल्या भिंतीवर टांगलेली असते, आणि आतून आमच्या अर्ध्या तासाचा आवाज येतो. काका निवृत्त झाले तरी अधूनमधून येतात, रुमालानं माझी धूळ पुसतात आणि तो आवाज ऐकत बसतात. आम्हा दोघांचं बरं चाललंय.

तुम्हाला एवढंच सांगते. पडदा मध्येच थांबला तर लगेच उठून जाऊ नका. पलीकडे कुणीतरी स्वतःची जागा सोडून दुसऱ्याच्या मदतीला धावलेलं असतं.