मारायची, ठोकायची की काढायची?

तळवलीच्या मालतीबाई साक्षरता वर्गात तीन महिने स्वतःचं नाव काढायला शिकल्या. अगदी उंबऱ्यावर रांगोळीची वेल काढावी तसं.

आता बेलापूरच्या कचेरीत, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटच्या कागदावर, नवऱ्याशेजारी त्यांचंही नाव लागणार होतं. आजवर सासूचा अंगठा उठला, आईचा उठला. या कागदावर आपला उठू नये, एवढीच त्यांची आस.

नवरा पंढरी भर्रकन सही ठोकून मोकळा झाला.

"आता तुमी, मावशी. मारा सही," खिडकीतले कारकून हौसेराव म्हणाले. माणूस साताऱ्याचा, पण मुंबईचं 'मारा' जिभेवर बसलेलं.

"मारू कशाला? तिनं काय केलंय माजं? मी काढनार हाय."

"काढा, घाला, टाका, पन उरका!"

'मालती' उमटायला चार मिनिटं लागली. मागची रांग खोकू लागली.

"ठोक ना पटकन!" पंढरी कुजबुजला.

"ठोकाला तो खिला हाय?"

हौसेरावांनी शाईचा पॅड पुढं सरकवला. "टेन्शन नको, मावशी. अंगठा उठवा न् सुटा."

मालतीबाईंनी अंगठा मुठीत लपवला. "अर्धी काढलीय!"

"मग पुढं नवऱ्याचं नाव लिहा."

पेन जागीच थबकलं. तीस वर्षांत ते नाव त्यांनी कधी सरळ ओठांवर आणलं नव्हतं. जे बोलायचं नाही, ते लिहायचं कसं?

"नाव इसरलीस का काय माजं?" पंढरी कागदावर वाकला.

रांगेतल्या जुईनगरच्या अरुणाताईंना उमगलं. "अहो साहेब, त्या नाव लिहीत नाहीयेत, घेतायत! घ्या मावशी, उखाण्यात घ्या!"

मालतीबाईंनी पदर सावरला.

"मिठागराच्या मिठाला खारा लागतो वारा,
पंढरीशेटचं नाव लिवते, सायेब, दम धरा!"

रांगेत हशा पिकला. पंढरी लाजून छताचा पंखा निरखू लागला. पेन मात्र सुटलं ते 'मढवी' या आडनावाच्या वेलांटीपर्यंत पोचूनच थांबलं.

हौसेराव उठून उभे राहिले, कागद डोळ्यांशी धरला. "सही! एकदम सही! पन मावशी... कागद तीन प्रतींत असतो."

मालतीबाईंनी पुन्हा पदर सावरला.

"मंग आनखी दोन उखाने हायेत माज्याकं. बसा."

हौसेरावांनी खुर्चीत बसून दुसरी प्रत पुढं सरकवली.