चौथ्या आठवड्याचे रक्त

फिलाडेल्फियातील त्या औषध कंपनीचे मुख्य संशोधक ब्रेंट हॉलिस्टर यांना बुद्धी होती, याविषयी प्रयोगशाळेतल्या वॉरन पेल्चिन्स्कीला शंका नव्हती. ती बुद्धी ते कोठे खर्च करतात, याविषयी मात्र होती. निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी निरोगी जनुक मज्जारज्जूत पोचवणारे औषध सहा माकडांना टोचलेले होते. मज्जातंतू दुखावले की रक्तात एक प्रथिन वाढते. ते मोजण्यासाठी हॉलिस्टर यांनी पहिला आणि तेरावा आठवडा नेमला. ते प्रथिन चढते चौथ्या आठवड्याच्या सुमारास, हे या धंद्यातला नवशिकाही जाणतो. पूर ओसरल्यावर पाणी मोजून गाव सुरक्षित ठरवावे, तसाच हा प्रकार.

यकृताच्या तपासणीसाठी चौथ्या आठवड्यात काढलेले रक्त गोठवून ठेवलेले होते. वॉरनने तेच तपासले. पाच माकडांत प्रथिन आठपट! आणि येत्या सोमवारी इस्पितळात हेच औषध सात वर्षांच्या एका मुलीच्या पाठीत जायचे होते.

त्याने कागद हॉलिस्टर यांच्यापुढे ठेवला.

"हे करायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. म्हणून तर झालं."

"अरे, माकडं उड्या मारतायत, केळी खातायत!"

"केळ्यांवरूनच ठरवायचं असेल, ब्रेंट, तर हे प्रथिन मोजायचं यंत्र विकू आणि एक फळवाला नेमू."

"फार शहाणा आहेस! प्रयोगाच्या आराखड्यात नाही, ते झालंच नाही."

हॉलिस्टर यांनी पेन उचलले. आकडा खोडायचा तो एकाच रेघेने, खालचे वाचता येईल असा. शेजारी कारण, सही, तारीख, ही या धंद्याची शिस्त. विवेक केव्हाच गळून पडलेल्या त्या हातात ही शिस्त तेवढी शाबूत होती. त्यांनी रेघ ओढली, 'आराखड्याबाहेर' असे लिहिले, सुबक सही केली, तारीख घातली आणि कागद वॉरनकडे भिरकावला.

वॉरन तो घेऊन थेट नोंदी तपासणाऱ्या ग्रेटा ऑयलरकडे गेला. तिने चष्मा सावरला.

"आठपट? आणि हे त्याने पाहिलंय?"

"सही बघ ना."

"मग सहीनिशी खोडलेलं हेही नोंदच झालं; हे पान अहवालात जाणार. आता त्याच्या देवालाही ते काढता यायचं नाही."

तिने हॉलिस्टर यांना बोलावून घेतले. ते आले ते तणतणतच.

"अगं, मी ते रद्द केलंय!"

"दिसतंय. म्हणजे सोमवारच्या आधी तुला माहीत होतं. आता इस्पितळाला फोनही तूच कर. डोस थांबवा म्हणावं."

हॉलिस्टर यांनी वॉरनकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि फोन उचलला.