पाहुण्यासाठी धुतलेली विहीर

माझ्या स्लॅबवर उभेच आहात, तर जरा वाकून ऐका. करी रोडच्या या चाळीची विहीर बोलतेय. आवाज घुमतो, कारण वरून मला बंद केलंय.

गिरण्या उभ्या राहत होत्या तेव्हा कोकणातून आलेल्या माणसांनी काळा खडक फोडून मला खणलं. पाणी लागलं, तेव्हा त्यांनी आधी पाण्यातल्या देवींची, साती आसरांची ओटी भरली आणि मगच ओंजळ तोंडाला लावली. भोंगा होण्याआधी माझ्याभोवती कळश्यांची आणि भांडणांची नुसती झुंबड असायची.

पुढे घरोघर नळ आले. सोय झाली की माणूस पाठ फिरवतो, त्यात रागवायचं काय! तरी धुणीभांडी माझ्यावरच होती. आणि तळमजल्यावरची मालन रोज तिन्हीसांजेला माझ्या काठावर आसरांचा दिवा लावायची.

भिंतीपलीकडे पेट्रोल पंप आहे. त्याच्या टाक्या जमिनीखाली, म्हणजे माझ्या शेजारीच. त्यातली एक गळू लागली हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. खडकाच्या भेगेतून काहीतरी जळजळीत झिरपलं आणि माझ्या पाण्यावर मोरपिशी तवंग पसरला.

चाळीतला राजेश बादली ओढताना मालनला म्हणाला, "मावशी, उद्यापासून बाईक इथेच आणतो. दोन कळश्या, टाकी फुल्ल!"

मालन हसली नाही. तिचं दार माझ्यासमोरच. तिच्या हातांची सालं निघत होती. सून पद्मजा पोटुशी होती, तिला त्या वासाने अन्न जाईना.

मग मालनची भाची प्राची परदेशातून शिकून परतली. जमिनीखालचं पाणी हाच तिचा अभ्यास. तिने वाकून माझा वास घेतला आणि काठावरचा दिवा उचलून लांब नेऊन शांत केला.

"मावशी, इथे ठिणगी नको. खाली पेट्रोलची वाफ साचतेय."

"आसरा कोपतील गो!"

"कोपू देत. मी बोलते त्यांच्याशी."

तिने बाटलीत माझं पाणी नेलं. त्यात पेट्रोल निघालं. पंपाचा मॅनेजर हितेंद्र म्हणाला, "मॅडम, आमच्या टाक्या ठणठणीत आहेत. चाळवाले विहिरीत काय काय ओततात, ते बघा आधी." सरकारी कचेरीत म्हणाले, तुमची बाटली चालणार नाही, आमचा माणूस येऊन नमुना घेईल. त्या माणसासाठी पोरीने किती जिने झिजवले! एवढ्या जिद्दीने माझ्यासाठी कुणी कधी भांडलं नव्हतं.

अखेर दिवस ठरला. प्राचीने आदल्या सकाळी चाळीच्या फळ्यावर आनंदाने लिहिलं, 'उद्या सरकारी साहेब आपली विहीर तपासायला येणार!' आणि उरलेली कागदपत्रं आणायला ती निघून गेली.

साहेब येणार म्हटल्यावर आमची चाळ हातावर हात ठेवून बसेल का? राजेशने मोटर लावून मला तळापर्यंत उपसलं. बायकांनी बांबूला काथ्या बांधून भिंती घासल्या. टँकरचं पाणी मागवून मला काठोकाठ भरलं. वर ब्लीचिंग पावडरचं पोतं रिकामं केलं, रहाटाला झेंडूचं तोरण बांधलं. सगळं मायेने. आणि माझं पोट इतकं भरलं, की भेगेतून काही झिरपायला जागाच उरली नाही.

सकाळी साहेबांना घेऊन प्राची आली आणि रांगोळीपाशीच थिजली.

"मावशी, हे काय केलंत?"

"अगो, पावणो येतलो आणि विहीर तशीच ठेवू? चाळीची अब्रू जातली ना!"

साहेबांनी चहा घेतला. "आदर्श चाळ आहे हो तुमची," म्हणाले आणि बाटली भरली.

"साहेब, थोडे दिवस थांबून परत घ्या. पुन्हा झिरपेल," प्राची काकुळतीला आली.

"एका तक्रारीला एक नमुना, मॅडम."

अहवाल आला. पेट्रोल आढळलं नाही. जंतुनाशक मात्र अति, पाणी वापरायला अयोग्य, विहीर बंद करावी. पंप चालू राहिला आणि माझ्यावर स्लॅब पडला. प्राचीने नवा अर्ज केला, तर उत्तर आलं, विहीर बंद आहे, आता नमुना घ्यायचा कुठून? तरी ती अर्ज करतेच आहे. फळ्यावर मात्र काही लिहीत नाही.

तवंग केव्हाच परत आलाय. आता त्याची वाफ स्लॅबखाली कोंडते आणि कडेच्या फटीतून हळूहळू वर निघते. समोरच्या खिडकीत पद्मजाच्या बाळाचा पाळणा आहे.

आज तिन्हीसांजेला मालन तबक घेऊन बाहेर आली. पद्मजा आतून म्हणाली, "आई, प्राचीने दिवा नको म्हटलंय ना?"

"सरकारचो कागदच म्हणता, पेट्रोल नाय. आसरांका किती दिस काळोखात ठेवू?"

प्राची कुठल्यातरी कचेरीच्या बाकावर बसली असेल. तुम्ही तरी ऐका. त्या बाईचा हात धरा. आसरांना काळोख चालतो, मलाही चालतो. मालन, तबक खाली ठेवू नकोस. इथे, या फटीपाशी तर नकोच गं...

ती वाकली आहे. काडी ओढतेय.