अजून पातळच

तापमानाच्या सेन्सरच्या वायरवर, टोकापासून चार बोटं वर, काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे होते – आणि तिसऱ्याचं टोक सुटलं होतं. तिने ते अंगठ्याने दाबलं. पुन्हा सुटलं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा एकोणऐंशी होता. वायर जराशी हलताच शून्य झाला, मग परत एकोणऐंशी... जणू मधल्या क्षणात काही घडलंच नव्हतं.

शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते, शेजारी तपासणीला आलेल्या बाई, मांडीवर छापील तक्ता. शिक्षिका म्हणून तिची नोकरी कायम होणार की नाही ते आजच्या तासावर ठरणार होतं. "तोच मेणाचा तास घ्या," मुख्याध्यापक सकाळी म्हणाले होते, "मागच्या महिन्यात कसला झकास झाला! आमच्या वेळी हे असतं तर मीही शास्त्रज्ञ झालो असतो. निदान नापास तरी झालो नसतो."

झकास. मागच्या महिन्यात... वितळलेलं मेण निवताना तापमान उतरतं, गोठायला लागलं की बराच वेळ तिथेच रेंगाळतं, पुरतं घट्ट झालं की पुन्हा उतरतं – एवढंच दाखवायचं होतं. पाचव्या मिनिटाला वायर तुटली. चाळीस मुलं पडद्याकडे बघत होती, दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिले होते, आणि तिच्या बोटांनी, तिला न विचारताच, कॉलेजात असताना केलेल्या याच प्रयोगाची लॅपटॉपवर साठवलेली जुनी नोंद उघडून चालू केली. रेषा गुळगुळीत उतरली, एकोणसत्तरवर सपाट झाली, पुन्हा उतरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोटं काय होतं त्यात? मोजमाप खरंच होतं, मीच केलेलं – फक्त दुसऱ्या दिवसाचं, दुसऱ्या नळीतलं, दुसऱ्या जातीच्या मेणाचं... हे वाक्य ती महिनाभर स्वतःला ऐकवत होती, आणि दर वेळी ते इथेच अडखळत होतं.

कारण तास संपल्यावर सामान आवरायला टिपकागद आली होती. जे दिसेल ते टिपून घेते म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला पडलेलं नाव. तिने मेणाची नळी उचलून तिरकी केली होती.

"मॅडम, पडद्यावर तर घट्ट झालं होतं. हे अजून पातळच आहे."

"घंटा झाली ना? पळ."

ती पळाली नव्हती. नळी हलकेच जागेवर ठेवून, चालत गेली होती.

तेव्हापासून त्या पोरीचा हात जरा हलला तरी फळ्यावरचं वाक्य अर्धं राहायचं. आता विचारेल. घरी बोलली असेल. पण महिन्याभरात तिने एकदाही हात वर केला नव्हता, आणि मला – हो, मला – हायसं वाटत होतं.

आजही ती पहिल्याच बाकावर होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यात जुनी नोंद तशीच होती. असू दे, वेळ आलीच तर... नळी स्टँडला लावायला ती पुढे वाकली आणि तिला टिपकागदची वही दिसली. तक्ता आखलेला. भरलेला. ब्याऐंशी, पंचाहत्तर, एकोणसत्तर, एकोणसत्तर, एकोणसत्तर...

"हे काय? अजून सुरूही नाही झालं."

पोरीने मागे पाहुण्यांकडे एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला. "मागच्या वेळचेच आकडे येणार ना, मॅडम? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. नळीला कुणी हात लावणार नाही. तुम्ही नका काळजी करू."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"करा सुरू," मागून बाई म्हणाल्या.

तिने सुरू केलं. वायर टिकली. अठ्ठ्याहत्तर, एकाहत्तर, पासष्ट... एकोणसत्तरजवळ रेषा थांबलीच नाही. या मेणाला ती तिथे थांबणार नव्हतीच. अठ्ठावन्नच्या आसपास ती सपाट होऊ लागली, जरा वेडीवाकडी, पण खरी. सकाळपासून तिने एवढंच मागितलं होतं. तिने वर्गाकडे पाहिलं. चाळीस वह्या उघड्या होत्या, चाळीस तक्ते आधीच भरलेले, आणि पडद्याकडे कुणीही बघत नव्हतं. सगळी तिच्याकडे बघत होती, समजूतदारपणे, घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तशी.

मागे बाई काहीतरी लिहीत होत्या. ते काय असेल याची भीती तिने चाचपून पाहिली – ती जागेवर नव्हती. तिथे दुसरंच काहीतरी होतं, जास्त गार. टिपकागदचे दोन्ही हात बाकावर होते, घडी घातलेले. ती त्या हातांकडे बघत राहिली... हल ना. जरा तरी हल.